मुलीनं विचारलं, कुणी बघितलंच नाही तर आहे कशावरनं? (गॅलरीतला ढग आणि २७ किलोमीटरचं मशीन)

पिक्चरट्यूब

राम राम मंडळी. एरवी मी इथं नुसता वाचून जातो, पण गेल्या काही दिवसांत घरात जे झालं ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय चैन पडंना म्हणून धागा काढतोय. मुलगी अकरावी सायन्सला आहे. जेवताना म्हणाली, पप्पा, प्रोटॉनच्या आत क्वार्क असतात म्हणतात, पण एकटा सुटा क्वार्क आजपर्यंत कुणाला सापडलेला नाही, मग आहे हे कशावरनं? मी म्हटलं मोठ्या मायक्रोस्कोपखाली बघितला असेल. ती म्हणाली तसं नसतंय. ताटातला भात गार झाला पण विषय काय मिटला नाही.

मी लक्ष्मीपुरीत २२ वर्षं टीव्ही रिपेअरी केलेला माणूस, आता सीसीटीव्ही बसवतो. माझ्याकडं सांगण्यासारखं एकच होतं, पिक्चर ट्यूब. जुन्या पोटवाल्या टीव्हीत मागं गन असते, गन तापली की इलेक्ट्रॉन सुटतात, ईएचटीचं, म्हणजे हाय व्होल्टेज सर्किटचं, वीस-पंचवीस हजार व्होल्ट त्यांना पुढं खेचतंय, मानेवरचं योक, म्हणजे चुंबकी कॉइल, त्यांना डावी-उजवीकडं वर-खाली वळवतंय आणि पडद्यावर आपटलं की ठिपका चमकतोय. (त्या ईएचटीचा झटका मी खाल्लाय, टीव्ही बंद करून अर्धा तास झाला होता तरी! मागच्या शोकेसवर जाऊन आदळलो, शोकेसची काच अजून तशीच तडकलेली आहे.) हे सगळं ऐकून पोरगी दोन मिनिटं गप्प बसली आणि म्हणाली, म्हणजे पप्पा, तुम्ही इतकी वर्षं पार्टिकल अॅक्सिलरेटर दुरुस्त करत होता की!

आणि शोधलं तर खरंच तसं हाय. थॉमसननं १८९७ साली इलेक्ट्रॉन पकडला तो असल्याच काचेच्या नळीत, इलेक्ट्रॉन डोळ्यानं नाही बघितला, चुंबक लावल्यावर, व्होल्टेज दिल्यावर ठिपका किती सरकतोय ते मोजलं आणि त्यावरनं हिशेब केला. जिनिव्हाजवळ सर्न नावाच्या युरोपियन प्रयोगशाळेचं २७ किलोमीटर घेराचं मशीन आहे, जमिनीखाली १०० मीटरवर, त्यात पण तेच, कण सोडायचा, व्होल्टेजनं ढकलायचा, चुंबकानं वळवायचा आणि आपटायचा. फरक एवढाच, माझ्या ट्यूबमधल्या इलेक्ट्रॉनला २५ हजार इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा, आणि तिथल्या एका प्रोटॉनला ६.८ लाख कोटी. म्हणजे २७ कोटी पट. आमच्या २५ हजारातच इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या ३० टक्के वेगानं पळतोय हे मला २२ वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं, सांगितलं असतं तर गिऱ्हाईकाला बिल जरा जास्त लावलं असतं.

मग पोरीनं हट्ट धरला की आपण घरात कण बघायचे. क्लाउड चेंबर. उलटा फिशटँक, खाली काळा रंग मारलेला अॅल्युमिनियमचा पत्रा, पत्र्याखाली ड्राय आइस, वर आतल्या बाजूला जुन्या ब्लँकेटची पट्टी आयपीएनं (आयसोप्रोपिल अल्कोहोल) भिजवून. आयपीए दुकानात असतंच, बोर्ड पुसायला. पहिल्या रविवारी काहीच दिसलं नाही. ड्राय आइस ५ किलो सांगितलेला, ज्यानं दिला त्यानं सकाळपासून उघड्यावर ठेवला असणार, घरी येईस्तोवर थर्माकोलच्या डब्यात दीड किलोसुद्धा उरला नव्हता आणि पैसे मात्र पाचचे घेतले. वर टाकीच्या कडेनं हवा शिरत होती. दुसऱ्या रविवारी बायकोनं बिर्याणीच्या हंडीला लावतो तशी कणीक लावून कडा बंद केली. लाइट घालवला, बाजूनं मोबाइलचा टॉर्च. दहा मिनिटं नुसतं धुकं. मग एकदम, पत्र्याच्या वर बोटभर, पांढरी रेघ. सुतासारखी, सरळ, आली आणि विरली. मग अजून एक. मग आखूड जाड, सुरवंटासारखी. तिघंही ओरडलो, खालचे काका वर आले काय झालं म्हणून.

आता जाणकारांनी पुढचं इस्कटून सांगा. आम्ही बघितलं ते नेमकं काय? आणि ही रेघ म्हणजे कण बघितला म्हणायचं का नाही?

कट_एक्स्ट्रा

नाद खुळा भावा!! जाळ आणि धूर संगटच!

विज्ञानबाई

फार छान काम केलंत. आधी काळजीचं: ड्राय आइस उणे ७८ अंशाचा असतो, हातमोज्याशिवाय धरू नका, खिडकी उघडी ठेवा आणि आयपीए पेट घेतं तेव्हा जवळ उदबत्तीसुद्धा नको.

आता तुम्ही बघितलं ते. खाली गार, वर कोमट, मधे अशा वाफेचा थर की तिला थेंब व्हायचंय पण बसायला जागा सापडत नाही. विजेचा भार असलेला कण त्यातून गेला की वाटेतल्या हवेचे इलेक्ट्रॉन उडवत जातो, त्या वाटेवर थेंब बसतात. विल्सननं हे १९११ च्या सुमाराला केलं, मूळ कल्पना सुचली स्कॉटलंडमधल्या डोंगरावरचे ढग बघून. त्याला १९२७ चं नोबेल मिळालं. ढग बघायला आपल्याला आषाढात पन्हाळ्यावर जाता येतं, पण आपण तिथं कणीस खातो.

आखूड जाड रेघ म्हणजे अल्फा कण, हवेतल्या रेडॉन वायूतनं निघालेला. लांब सरळ सुतासारखी बहुतेक म्युऑन. अंतराळातून येणारे प्रोटॉन वातावरणाच्या वरच्या थरात आपटतात आणि पंधरा-एक किलोमीटर उंचीवर म्युऑन तयार होतात. तळहात आडवा धरा, सेकंदाला एखाद-दुसरा म्युऑन आरपार जातोच. आत्ता हे वाचताना पण जातोय.

गंमत अशी की म्युऑनचं आयुष्य २.२ मायक्रोसेकंद. तेवढ्यात प्रकाशाच्या वेगानं पळाला तरी ६६० मीटर. पंधरा किलोमीटर खाली राजारामपुरीत तुमच्या गॅलरीत पोचायचं काही कारणच नाही. पोचतो, कारण एवढ्या वेगात त्याचं घड्याळ आपल्या हिशेबानं हळू चालतं. म्हणजे तुम्ही त्या फिशटँकमधे आइन्स्टाइनची सापेक्षता पण बघितलीत, कणीक लावून.

कट_एक्स्ट्रा

सर म्युऑन कशाला लागतो पण? आपण तर प्रोटॉन न्यूट्रॉन इलेक्ट्रॉनचे बनलोय ना

विज्ञानबाई

सर नाही, बाई आहे. कोल्हापूरची आहे त्यामुळं बोलताना "मी आलो, मी गेलो" करते, लिहिताना सुधारते.

प्रश्न अगदी बरोबर आहे. १९३६ मधे म्युऑन सापडला तेव्हा शास्त्रज्ञांनाही हेच वाटलं. इलेक्ट्रॉनसारखाच सगळा, फक्त सुमारे २०७ पट जड. राबी नावाचे मोठे शास्त्रज्ञ म्हणाले होते म्हणतात, "हे कुणी मागवलं?" तुम्ही मिसळ सांगितली आणि पोऱ्यानं न मागता एक थाळी आणून ठेवली तसं. आणि तिथंच थांबलं नाही, १९७५ ला टाऊ आला, त्याच घराण्यातला अजून जड. का, ते अजून कुणाला नीट माहीत नाही. आपल्याला, तुमच्या मिसळीला, रंकाळ्याला लागतात फक्त अप क्वार्क, डाऊन क्वार्क आणि इलेक्ट्रॉन. बाकी सगळी भाऊबंदकी.

गुजरीकर

सोन्याच्या धंद्यातला माणूस आहे म्हणून एक भर घालतो. अणूच्या आत काय ते बघायला रदरफर्डनं सोन्याचाच वर्ख घेतला होता, कारण सोनं ठोकून जेवढं पातळ होतं तेवढं दुसरं काही सहज होत नाही. मँचेस्टरला १९०९ मधे त्याच्या हाताखालचे गायगर आणि मार्सडन अंधाऱ्या खोलीत बसून, आधी डोळे अंधाराला सरावू द्यायचे आणि मग छोट्या पडद्यावरचे लुकलुकणारे ठिपके मोजायचे. अल्फा कण वर्खातनं सरळ पार जायचे, पण हजारोंतून एखादा उलटा माघारी यायचा. तेवढ्या एका माघारी येण्यावरनं १९११ ला त्यानं सांगितलं की अणूचं सगळं वजन मधल्या एवढ्याशा कणीत आहे आणि बाकी पोकळी. आमच्याकडं वर्ख फाटला तर कारागीर शिव्या खातो, तिथं त्या वर्खानं जगाचा नकाशा बदलला.

शिरोली_फाउंड्री

आमच्याकडं रोजचंच आहे हे. लॅडलमधनं सँपल काढायचा, स्पेक्ट्रोवर ठेवायचा, ठिणगी पाडायची, उजेडावरनं कार्बन किती सिलिकॉन किती ते स्क्रीनवर येतंय, आत जाऊन कोण बघतंय? कास्टिंगच्या पोटात ब्लो-होल आहे का हे पण न फोडता एक्स-रे मारून बघतो. त्यामुळं "डोळ्यानं बघितलं नाही" ह्याचं मला काय वाटत नाही.

पिक्चरट्यूब भाऊ, मुलीच्या मूळ प्रश्नाचं वाचून आलो. कॅलिफोर्नियात ३ किलोमीटर लांब सरळसोट नळी आहे, १९६८ साली तिच्यातनं इलेक्ट्रॉन प्रोटॉनवर सोडले. प्रोटॉन मऊ लाडवासारखा असता तर इलेक्ट्रॉन थोडेसे तिरके होऊन गेले असते, पण बरेच जोरात वळले, म्हणजे आत कडक बारीक दाणे आहेत. रदरफर्डचाच डाव, एक पायरी खाली. क्वार्क हे नाव गेल-मानचं, पण हिशेब गेल-मान आणि झ्वाइग दोघांनी चार वर्षं आधीच, १९६४ ला मांडलेला.

पिक्चरट्यूब

हे पोरीला वाचून दाखवलं. तिनं लगेच वहीत मांडलं. अप क्वार्कचा चार्ज दोन-तृतीयांश, डाऊनचा उणे एक-तृतीयांश. दोन अप एक डाऊन केले की बरोबर १, झाला प्रोटॉन. एक अप दोन डाऊन, शून्य, न्यूट्रॉन. पण ती म्हणते दाणे आहेत तर एक तरी बाहेर का पडत नाही?

विज्ञानबाई

ऊस मोडून बघ म्हणावं तिला. कांडं मोडलं की दोन तुकडे होतात आणि प्रत्येक तुकड्याला परत दोन टोकं. नुसतं एक टोक हातात कधी येत नाही. क्वार्कांना बांधणारा ग्लुऑन तसाच. ओढाल तितका ताण वाढतो, आणि तुटायच्या वेळी त्या ताणातल्या ऊर्जेतनंच नवा क्वार्क आणि प्रतिक्वार्क तयार होतात, ई बरोबर एमसी स्क्वेअर. मशीनमधे दिसतात ते एका दिशेला उधळलेले कणांचे झोत. १९७९ मधे जर्मनीत असे दोनच्या जागी तीन झोत दिसले तेव्हा ग्लुऑन पक्का झाला.

आणि एक, मला स्वतःला सगळ्यात चक्रावून टाकणारं. प्रोटॉनमधल्या तीन क्वार्कांचं स्वतःचं वस्तुमान मिळवलं तर प्रोटॉनच्या वस्तुमानाच्या जेमतेम एक टक्का भरतं. उरलेलं सगळं त्यांच्या धावपळीची आणि बांधणीची ऊर्जा. तुमचं वजन ७० किलो असेल तर त्यातलं जवळपास सगळं वस्तू नाहीच, गडबड आहे.

कट_एक्स्ट्रा

बायकोला सांगतो हे. पोट नाही, बांधणीची ऊर्जा

रस्त्यावरचा_खड्डा

सगळं बरोबर आहे हो पण हजारो कोटी खर्चून जमिनीखाली कण आपटण्यापेक्षा आमच्या गल्लीत दोन ट्रॉली डांबर टाकलं असतं तर बरं झालं असतं. ह्यातून सामान्य माणसाला काय मिळालं?

शिरोली_फाउंड्री

तू हे जिथं टाइप केलंस ते वेब सर्नमधेच निघालं, १९८९ ला, टिम बर्नर्स-लीनं, शास्त्रज्ञांना आपापसात कागद वाटायला. कॅन्सरच्या दवाखान्यात शेक देतात ते मशीन म्हणजे इलेक्ट्रॉनचा छोटा अॅक्सिलरेटर. पेट स्कॅन करतात त्यात पॉझिट्रॉन, म्हणजे चक्क प्रतिकण वापरतात, तो १९३२ ला अँडरसनला ह्या धाग्यातल्यासारख्याच ढगाच्या डब्यात सापडला, चुंबकापाशी रेघ इलेक्ट्रॉनच्या उलट्या बाजूला वळली म्हणून. माझ्या आईचं पेट स्कॅन झालंय त्यामुळं ह्या विषयावर मी जरा तापतो, माफ कर.

रस्त्यावरचा_खड्डा

नाही नाही, माफी मी मागतो. आई बऱ्या आहेत ना? खड्ड्याचं मत मात्र कायम आहे.

शिरोली_फाउंड्री

बऱ्या आहेत. खड्ड्याबद्दल माझं पण तेच मत आहे.

महाद्वार_गल्ली

२००८ आठवतंय का कुणाला? गणपतीचे दिवस होते, १० सप्टेंबरला ते मशीन चालू होणार आणि कृष्णविवर होऊन पृथ्वी गिळणार म्हणून चॅनलवाले दिवसभर बोंबलत होते. आमच्या आजीनं दुपारीच एकवीस मोदक करून घेतले, म्हणाली जायचंच तर उपाशी कशाला. संध्याकाळी आरती झाली, काही झालं नाही, दुसऱ्या दिवशी परत मोदक.

पिक्चरट्यूब

मोदकाचं भारी! त्यापेक्षा जास्त जोराचे कण वरनं पृथ्वीवर कोट्यवधी वर्षं आपटतायत आणि आपण आहोत अजून, हे उत्तर पोरीनं वाचून दाखवलं.

पण पुढचं ऐका. १९ सप्टेंबरला, नऊच दिवसात, ते मशीन बंद पडलं ते वर्षभर. कारण काय? दोन चुंबकांच्या मधला विजेचा एक जॉइंट खराब! तिथं करंट हजारो अँपिअर, जॉइंट तापला, जळला, टनावारी हेलियम बाहेर. म्हणजे आमच्या भाषेत ड्राय सोल्डर. माझ्या दुकानात येणाऱ्या दहातल्या चार टीव्हीला हाच फॉल्ट असायचा, वरनं थापट मारली की चालू. एवढ्या शास्त्रज्ञांना पण तेच नडलं हे वाचून मला खरं सांगू, त्या लोकांबद्दल एकदम आपुलकी वाटली. उणे २७१ अंशाला गार केलेली १२३२ मोठी वळवणारी चुंबकं आणि त्यात एक जॉइंट. आणि २०१६ मधे मुंगसासारखं एक जनावर तिथल्या ट्रान्सफॉर्मरमधे शिरलं आणि परत सगळं बंद. आमच्या गल्लीतल्या डीपीत खारूताई शिरते तेव्हा आपण उगाच लाइनमनला बोलतो.

अजून एक धंद्यातलं. तिथं सेकंदाला १०० कोटीच्या घरात टकरी होतात, सगळ्या साठवायच्या म्हटलं तर हार्डडिस्क कुठनं आणणार, म्हणून क्षणात ठरवून त्यातल्या काही हजारच ठेवतात. मी डीव्हीआरला मोशन रेकॉर्डिंग लावतो तसंच, कुत्रं गेलं तर सोडून दे, माणूस आला तर रेकॉर्ड कर.

गुजरीकर

आणि तो देवकण? पेपरात मोठ्ठा मथळा होता.

विज्ञानबाई

हिग्ज बोसॉन. ४ जुलै २०१२. देवकण हा शब्द शास्त्रज्ञांना आवडत नाही, देवाचा त्यात काही संबंध नाही. वस्तुमान प्रोटॉनच्या सुमारे १३३ पट आणि जन्मल्याबरोबर मोडतो, त्यामुळं त्याची रेघसुद्धा दिसत नाही.

मग सापडला कसा? मार्केट यार्डात गुळाचे रवे (ढेपा) फुटून तुकडे पडलेत असं धरा. कुठलेही दोन तुकडे उचलून वजन केलं तर काहीही भरेल. पण त्यात काही जोड्या अशा असतील की त्या एकाच मापाच्या रव्याचे दोन तुकडे आहेत, त्यांची बेरीज दरवेळी तेवढीच. लाखो जोड्यांची वजनं कागदावर मांडली तर एका आकड्यापाशी छोटासा उंचवटा येतो. हिग्ज मोडून कधीकधी प्रकाशाचे दोन कण निघतात, त्यांच्या ऊर्जेवरनं असा उंचवटा १२५ अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्टवर आला. दोन वेगळ्या गटांनी वेगळ्या यंत्रांवर, तोच आकडा. रवा कुणी बघितला नाही, पण आहे.

बोसॉन हे नाव आपल्या सत्येंद्रनाथ बोसांवरून, त्यांचं काम १९२४ चं. आणि नाव राहून गेलेली एक बाई सांगते, बिभा चौधरी. देवेंद्र मोहन बोसांबरोबर दार्जिलिंगच्या डोंगरात फोटोच्या काचा ठेवून कणांच्या खुणा शोधल्या, १९४० च्या आसपास ते छापून पण आलं. पण युद्ध चालू, चांगल्या प्लेटा मिळेनात, काम अडलं. पुढं तशाच पद्धतीनं, जास्त चांगल्या प्लेटा वापरून पॉवेल या शास्त्रज्ञांनी पायॉन नावाचा कण पक्का केला आणि १९५० चं नोबेल घेतलं. तुमच्याकडं ड्राय आइस उडून गेला तेव्हा मला बिभाताईच आठवल्या. वर्गात मुलींना हे सांगितलं की मागच्या बाकावरच्या पण ऐकायला लागतात.

महाद्वार_गल्ली

बाई, न्यूट्रिनो नावाचे कण राहिले की वो. आमच्या गल्लीला अंबाबाईच्या देवळातल्या किरणोत्सवाचं वेड, ३१ जानेवारी आणि ९ नोव्हेंबरच्या आसपास काही दिवस मावळतीची किरणं गाभाऱ्यात मूर्तीवर पडतात, ती पायापाशी आली का, चेहऱ्यापर्यंत पोचली का, वाटेत कुठली इमारत आडवी आली, ह्यावर भांडणं. मी एकदा वाचलं की सूर्यातनंच निघालेले न्यूट्रिनो आपल्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरमधनं सेकंदाला ६५०० कोटी जातात, भिंत नाही इमारत नाही काही आडवं येत नाही. रात्री पण! खालनं, अख्खी पृथ्वी पार करून. तेव्हापासनं रात्री गाभाऱ्याकडं हात जोडताना वाटतंय की आत्ता पण किरणोत्सव चालूच आहे, फक्त आपल्याला दिसणारा नाही.

विज्ञानबाई

हे तुमचं मी वर्गात वापरणार, विचारत नाही. वर जोडते: वातावरणात तयार होणारे न्यूट्रिनो जगात पहिल्यांदा टिपणाऱ्यांत १९६५ साली आपल्या शेजारच्या कर्नाटकातली कोलारची सोन्याची खाण होती, दोन किलोमीटरहून खोल, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे लोक जपानी आणि इंग्लिश गटांबरोबर. एवढं खोल कशाला, तर तुमच्या गॅलरीतले म्युऑन तिथं गडबड करायला पोचू नयेत म्हणून.

लालमाती

मी तालमीतला माणूस, दहावीला सायन्समधे ३८ मार्क. पण एक सांगू का, सकाळी आखाड्यात आलो की मातीवरच्या खुणा बघून आमचे वस्ताद सांगतात काल संध्याकाळी कोण लढलं, कुणाचा पाय कुठं सरकला, कुठला डाव बसला. कुस्ती बघितलेली नसतीया. हे तसंच हाय व्हय?

विज्ञानबाई

तंतोतंत तसंच. एवढ्या सोप्यात मला कधी सांगता आलं नाही.

पिक्चरट्यूब

लालमाती, या रविवारी घरी ये, वस्तादांना पण आण. ड्राय आइस ह्या वेळी स्वतः जाऊन, समोर वजन करून घेणार आहे. इथल्या ज्याला यायचंय त्यानं मेसेज करा, गॅलरीत सहा माणसं मावतात. टॉर्च आपापला.

लालमाती

जाऊन आलो. काय सांगू. वस्तादांचं वय ७१, चष्मा पुसून पुसून डब्यात वाकून बसले, अर्धा तास कुणाला जवळ येऊ दिलं नाही. सरळ रेघा गेल्या की नुसती मान हलवायचे. मग एक बारीक रेघ आली, वेडीवाकडी, मधेच एकदम मुरडली. वस्ताद म्हणाले, "हितं त्याला कोणतरी आडवं आलंय बघ." पिक्चरट्यूबची पोरगी म्हणाली, हलका इलेक्ट्रॉन हाय आजोबा, हवेतल्या अणूला धडकून वळला. वस्ताद म्हणाले, तेच म्हणालो मी.

पिक्चरट्यूब

आणि जाताना वस्तादांनी विचारलं, ह्यात पैलवान कुठला? म्युऑन दाखवला. सात जण आलेले, पुढच्या वेळेला कणीक दोन वाट्या जास्त मळायची आहे, कडेची अर्धी कणीक कुणीतरी बोटानं टोकरून टोकरून काढली.

कट_एक्स्ट्रा

मी नव्हतो